लिपीने काय गाळावे? काक्वा भाषा आणि तिचे लेखन

मराठीत 'जग' ही दोन अक्षरे दोन वेगळ्या शब्दांचे काम करतात. 'हे जग' म्हणताना त्यातला ज 'जन्म' या शब्दातल्यासारखा तालव्य असतो, तर 'सुखाने जग' म्हणताना तोच ज 'जाळे' या शब्दातल्यासारखा दाताजवळ उच्चारला जातो. 'जरा थांब' आणि 'जरा-मरण' यांतील फरकही तसाच आहे. देवनागरीने या भेदासाठी मराठीला वेगळे अक्षर दिलेले नाही, तरीही मराठी वाचक कधी अडखळत नाही, कारण भाषा त्याच्या कानात आधीपासून असते आणि कागदावर जे नाही ते तो संदर्भावरून भरून काढतो. प्रत्येक लिपी बोलण्यातले काही ना काही गाळतेच. मग काय गाळले तर चालते आणि काय गाळले की वाचन अडते, हे कसे ठरते?

मराठीच्या बाबतीत हे ठरायला कित्येक शतके लागली आणि ते मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या लोकांच्या हातूनच ठरले. पूर्व-मध्य आफ्रिकेतील काक्वा या भाषेच्या बाबतीत हाच निर्णय विसाव्या शतकात, थोड्या वर्षांत, बहुतांशी बाहेरच्या माणसांनी आणि तोही शेजारच्या भाषेचा विचार करून घेतला. त्यामुळे भाषेला लिपी बसवणे म्हणजे नेमके काय, हे या भाषेच्या अभ्यासातून फार स्पष्टपणे दिसते.

जलविभाजकावरची भाषा

नाईल आणि काँगो या दोन महानद्यांची खोरी जिथे एकमेकांपासून विलग होतात, त्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना काक्वा लोकांची वस्ती आहे. आज हा प्रदेश तीन देशांत विभागलेला आहे: युगांडाच्या वायव्य कोपऱ्यातील कोबोको जिल्हा, दक्षिण सुदानमधील येई शहराचा परिसर आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या ईशान्येकडील आबा, इंगबोकोलो या गावांचा टापू. या तिन्ही देशांच्या सीमा कोबोकोजवळच्या सालिया मुसाला या ठिकाणी एकत्र येतात.

या विभागणीमागे युरोपीय सत्तांचे करारमदार आहेत. १८९४ साली ब्रिटनने नाईलच्या पश्चिम काठाचा लाडो एन्क्लेव्ह नावाचा प्रदेश बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याला त्याच्या हयातीपुरता भाडेपट्ट्याने दिला. डिसेंबर १९०९ मध्ये लिओपोल्ड मरण पावला, १९१० मध्ये हा प्रदेश सुदानकडे गेला आणि १९१४ मध्ये त्याचा दक्षिण भाग युगांडाला जोडला गेला. काँगोची हद्द जलविभाजकाच्या रेषेवर आधीच आखलेली होती. एका भाषेच्या लोकांना अशा रीतीने तीन राजवटी मिळाल्या, आणि त्यांच्याबरोबर तीन वेगळ्या शाळाव्यवस्थाही.

भारतीय वाचकांना काक्वा हे नाव परिचित असेलच तर ते इदी अमीनमुळे. १९७१ ते १९७९ या काळात युगांडावर सत्ता गाजवणाऱ्या या हुकूमशहाचा पिता काक्वा होता. १९७२ च्या ऑगस्टमध्ये त्याने आशियाई वंशाच्या लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला, आणि त्यात गुजराती कुटुंबांबरोबर कंपाला व एंटेबे येथे स्थिरावलेल्या गोमंतकीयांनाही घरदार सोडावे लागले. १९७९ मध्ये त्याची सत्ता उलथल्यावर सूडाच्या भीतीने सामान्य काक्वा कुटुंबेही मोठ्या संख्येने सीमेपलीकडे सुदान आणि तत्कालीन झाईरेमध्ये पळाली. एका माणसाच्या कृत्यांमुळे संपूर्ण समाजाकडे संशयाने पाहिले गेले, हा या समाजावर झालेला अन्यायच म्हटला पाहिजे, आणि त्याच्या भाषेची दखल जगाने फारशी घेतली नाही, यामागे या संशयाचाही वाटा असावा.

नातेसंबंध आणि घडण

काक्वा ही नायलोटिक भाषाकुळातील आहे. या कुळाच्या तीन शाखा मानल्या जातात: दिंका, नुएर, शिलुक व लुओ यांची पश्चिम शाखा, कालेंजिन गटाची दक्षिण शाखा, आणि मासाई, तुर्काना, तेसो व बारी यांची पूर्व शाखा. काक्वा पूर्व शाखेत येते, म्हणजे केनिया-टांझानियाच्या कुरणांतील मासाई भाषा तिची दूरची बहीण ठरते. अगदी शेजारी बोलली जाणारी लुग्बारा मात्र मध्य सुदानी या वेगळ्याच कुळातली आहे, त्यामुळे कोबोकोच्या बाजारात एकमेकींशी जवळचे नाते नसलेल्या भाषा रोज शेजारी शेजारी ऐकू येतात.

पूर्व शाखेतही काक्वाचे सर्वांत जवळचे नाते दक्षिण सुदानमधील जुबा शहराच्या आसपास बोलल्या जाणाऱ्या बारी भाषेशी आहे. बारी, काक्वा, कुकू, पोजुलू, न्यांग्वारा आणि मुंदारी यांच्यात इतके साम्य आहे की काही अभ्यासक त्यांना एकाच भाषेच्या बोली म्हणतात, तर काही स्वतंत्र भाषा. हा वाद केवळ वर्गीकरणाचा नाही. काक्वाला बारीची बोली मानले की बारीसाठी छापलेले पुस्तक काक्वा मुलाच्या हाती देणे रास्त ठरते, आणि पुढे घडलेही तेच.

व्याकरणाचे दोन विशेष येथे नोंदवण्याजोगे आहेत. पहिला लिंगाचा: या गटात नामे पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी असतात आणि त्यांना जोडणारे शब्दही त्याप्रमाणे 'लो' किंवा 'ना' असे बदलतात. 'कुतुक ना काक्वा' या भाषेच्या स्वतःच्या नावात तो 'ना' दिसतो. दुसरा विशेष वचनाचा आहे आणि तो मराठी वाचकाला अधिक नवा वाटेल. मराठीत एकवचन मूळ धरून त्यापासून अनेकवचन साधले जाते; बारी गटात मात्र ज्या वस्तू सहसा समूहानेच दिसतात त्यांचे मूळ रूप अनेकवचनी असते आणि त्यातील एक नग वेगळा सांगायचा असेल तर प्रत्यय लावावा लागतो. काही नामांना दोन्ही वचनांत प्रत्यय लागतात. म्हणजे कोणते रूप मूळ मानायचे हे वस्तूच्या स्वभावावर ठरते, आणि शब्दकोश करणाऱ्याला प्रत्येक नामाबाबत तो निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.

> चौकट: काक्वा भाषेची ओळख
> कूळ: नायलोटिक, पूर्व शाखा, बारी गट. प्रदेश: युगांडा, दक्षिण सुदान व काँगो लोकशाही प्रजासत्ताक यांचा सीमाभाग. भाषक: तिन्ही देश मिळून काही लाख. लिपी: रोमन, काही खास अक्षरे व चिन्हांसह. युगांडाच्या १९९५ च्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत देशातील मूळ समाजांच्या यादीत काक्वांचा समावेश आहे.

घशात घडणारे स्वर

लेखनाच्या दृष्टीने काक्वाचा सर्वांत अवघड भाग तिच्या स्वरांचा आहे. काक्वासह बारी गटातील भाषांत स्वरांचे दोन संच असतात, आणि त्यांतील भेद ओठांच्या आकारावर किंवा मराठीतल्याप्रमाणे ऱ्हस्व-दीर्घावर अवलंबून नसून जिभेच्या मुळावर अवलंबून असतो. जिभेचे मूळ म्हणजे घशाच्या बाजूला असलेला, आरशातही न दिसणारा तिचा मागचा भाग. तो पुढे सरकला की घशाची पोकळी रुंदावते आणि मागे राहिला की ती अरुंद होते. एकच शब्द रिकाम्या रांजणात तोंड घालून म्हटला आणि मग लहान तांब्यात म्हटला, तर शब्द तोच राहूनही त्याचा नाद बदलतो. रुंद घशाचा 'इ' आणि अरुंद घशाचा 'इ' यांत साधारण तसाच फरक पडतो. मराठी कानाला हे दोन्ही 'इ' सारखेच वाटतील, परंतु काक्वा भाषकाला ते दोन भिन्न ध्वनी आहेत, आणि त्यांच्यामुळे शब्दाचा अर्थ बदलू शकतो.

याला जोडूनच स्वरमेळ नावाचा नियम येतो. एका शब्दातील सर्व स्वर साधारणपणे एकाच संचातले असावे लागतात. मूळ शब्द अरुंद संचातला असेल आणि त्याला रुंद संचातला प्रभावी प्रत्यय लागला, तर मूळ शब्दाचे स्वरही रुंद होतात. मराठीत 'फूल' या शब्दाला प्रत्यय लागताच तो 'फुलाला' होतो आणि ऊकाराचा उकार बनतो. काक्वामध्ये असा बदल पुष्कळ अधिक व्यापक असतो, कारण तो शब्दाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरतो.

रोमन लिपीत स्वरांसाठी पाचच अक्षरे आहेत आणि येथे त्यांच्या जवळजवळ दुप्पट स्वर लिहायचे आहेत. बारीच्या रूढ लेखनपद्धतीने यावर अर्धवट, पण विचारपूर्वक तोडगा काढला. 'आ'च्या रुंद घशाच्या जोडीदारासाठी, वर दोन टिंबे दिलेला ओ हे स्वतंत्र अक्षर घेतले, कारण या जोडीतला फरक सर्वांत ठळक ऐकू येतो. उरलेल्या चार जोड्यांना मात्र प्रत्येकी एकच अक्षर दिले. स्वरमेळामुळे ही काटकसर बऱ्याच वेळा निभावते. शब्दात कुठेही टिंबांचा ओ दिसला की वाचकाला कळते की बाकीचे स्वरही रुंद संचातले आहेत, आणि एका चिन्हाने सगळ्या शब्दाचा उच्चार सुचवला जातो. पण ज्या शब्दात फक्त इ किंवा उ असतील तिथे ही खूण मिळत नाही आणि वाचकाला संदर्भावर विसंबावे लागते. थोडक्या साधनांत एवढे साधणारी ही युक्ती खरोखर कौतुकास पात्र आहे, आणि तिच्यात उरलेली त्रुटीही तेवढीच खरी आहे.

आत ओढला जाणारा श्वास

व्यंजनांमध्ये काक्वाची ओळख पटवणारे ध्वनी म्हणजे अंतःस्फोटी ब आणि ड. साध्या ब च्या वेळी ओठ मिटतात, फुप्फुसांतून येणारी हवा तोंडात कोंडते आणि ओठ उघडताच बाहेर पडते. अंतःस्फोटी ब मध्ये ओठ मिटलेले असतानाच स्वरयंत्र किंचित खाली सरकते, त्यामुळे तोंडातील हवेचा दाब कमी होतो आणि ओठ उघडताना हवा क्षणभर आत ओढल्यासारखी होते. ऐकणाऱ्याला हा ब घुमारदार, काहीसा गिळलेला वाटतो. काक्वामध्ये साधा ब आणि हा ब हे दोन स्वतंत्र वर्ण आहेत, ड चेही तसेच, आणि याशिवाय गळा आवळून उच्चारला जाणारा एक य सुद्धा आहे.

असे ध्वनी ऐकायला आफ्रिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून वाढलेल्या उल्हासनगरात सिंधी बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी ते आजही ऐकू येतात, कारण सिंधीत ग, ज, ड आणि ब असे चार अंतःस्फोटी वर्ण आहेत. सिंधी देवनागरीत लिहिताना त्या चार अक्षरांखाली आडवी रेघ देतात, म्हणजे भेद अक्षराच्या अंगालाच चिकटलेला राहतो. बारी-काक्वा परंपरेने निराळा मार्ग धरला आणि बी, डी व वाय या रोमन अक्षरांआधी अपॉस्ट्रॉफी, म्हणजे इंग्रजी लेखनात अक्षराचा लोप दाखवणारे वरचे लहान चिन्ह, देण्याची पद्धत रूढ केली. टंकलेखन यंत्राच्या काळात ती सोयीची होती, कारण हे चिन्ह प्रत्येक यंत्रावर असे.

तिसरा वैशिष्ट्यपूर्ण वर्ण ङ आहे. मराठीत 'रंग' किंवा 'अंक' म्हणताना तो येतो, पण जवळजवळ नेहमी क-वर्गातील व्यंजनाच्या आधी. 'वाङ्मय' सारखे शब्द अपवादानेच सापडतात. बारी गटात मात्र तो शब्दाच्या आरंभीही येतो: माणूस या अर्थी 'ङुतु', ईश्वर या अर्थी 'ङुन'. रोमन लिपीत एन आणि जी ही अक्षरे जोडून तो लिहिला तर निव्वळ ङ आणि ङ्ग यांतला भेद पुसला जातो. यासाठी शेपूट दिलेला एन हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते. युगांडातील लुगांडा भाषेच्या प्रमाण लेखनातही हेच अक्षर आहे. स्वाहिलीत मात्र एन-जी नंतर अपॉस्ट्रॉफी देऊन हाच ध्वनी लिहितात. त्यामुळे स्वाहिली शिकलेल्या काक्वा वाचकापुढे एकाच चिन्हाची दोन वेगळी कामे येतात: एका भाषेत ते मागच्या अक्षरांना लागू असते आणि दुसऱ्या भाषेत पुढच्या अक्षराला.

रेजाफ, १९२८

ही लेखनपद्धत आली कुठून? बारी भाषेविषयीचे युरोपीय लेखन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे जाते. नाईलवरच्या गोंडोकोरो येथे त्या काळात कॅथलिक मिशनचे ठाणे होते, आणि १८६७ मध्ये मिटररुट्झनर या विद्वानाने तेव्हाच्या ऑस्ट्रियातील ब्रिक्सेन येथे बारी भाषेवरचा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध केला. पण आजच्या लेखनाचा पाया एप्रिल १९२८ मध्ये, जुबाजवळच्या रेजाफ येथे भरलेल्या भाषा परिषदेत घातला गेला. सरकारी अधिकारी आणि मिशनरी यांच्यापुढे प्रश्न होता तो दक्षिण सुदानच्या असंख्य भाषांपैकी कोणत्या भाषांत शाळांची पुस्तके छापायची हा. परिषदेने बारी, दिंका, लातुको, नुएर, शिलुक आणि झांडे या सहा 'गटभाषा' निवडल्या. तज्ज्ञ म्हणून उपस्थित असलेले जर्मन भाषाशास्त्रज्ञ डीड्रिख वेस्टरमान हे, १९२६ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या आफ्रिकी भाषा-संस्कृतीविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 'आफ्रिका वर्णमाले'चे प्रमुख शिल्पकार होते. एका ध्वनीला एक अक्षर, आणि अक्षरांच्या डोक्यावरची चिन्हे शक्यतो टाळून नवी अक्षरेच घ्यावीत, हे त्या वर्णमालेचे तत्त्व होते. शेपटीचा एन तिच्यातलाच. बारीच्या प्रत्यक्ष लेखनात मात्र छपाईच्या सोयीपुढे हे तत्त्व काही ठिकाणी मागे पडले, हे टिंबांचा ओ आणि अपॉस्ट्रॉफी यांवरून दिसते.

काक्वाला या यादीत जागा मिळाली नाही. बारीमध्ये तिचा समावेश गृहीत धरला गेला. मर्यादित पैशात पुस्तके छापणाऱ्यांच्या दृष्टीने हा निर्णय व्यवहार्य होता, यात शंका नाही, आणि कोणा एका मिशनच्या मर्जीपेक्षा समान लेखनपद्धत बरी, हा विचारही चुकीचा नव्हता. १९३३ मध्ये स्पान्योलो या इटालियन धर्मगुरूचे विस्तृत बारी व्याकरण वेरोना येथे प्रसिद्ध झाले, आणि अभ्यासाची साधने बारीभोवतीच साचत गेली. पण काक्वा मुलाला मात्र स्वतःच्या बोलण्यापेक्षा वेगळे शब्द आणि वेगळी रूपे वाचत साक्षर व्हावे लागले. सुदानच्या स्वातंत्र्यानंतर दक्षिणेतील शाळांवर अरबी भाषा लादण्यात आली आणि तिथल्या भाषा अरबी लिपीत लिहिण्याचेही प्रयत्न झाले. १९७२ च्या अदिस अबाबा करारानंतर रोमन लिपीला पुन्हा स्थान मिळाले. काँगोत शाळेची भाषा फ्रेंच राहिली आणि व्यवहारात लिंगालाचा वरचष्मा झाला. युगांडात २००७ पासून प्राथमिक शाळेची पहिली तीन वर्षे स्थानिक भाषेत शिकवण्याचे धोरण आले. काक्वा भाषेच्या ध्वनिव्यवस्थेचे तपशीलवार वर्णन, ओन्झिगा आणि गिली यांचे, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे भाषा लिहिली जाऊ लागल्यावर कित्येक दशकांनी.

सूर लिहावा की गाळावा?

काक्वा ही सुरांची भाषा आहे. आवाजाची पट्टी उंच आहे की खालची, यावर शब्दाचा अर्थ ठरू शकतो, आणि काही वेळा व्याकरणिक रूपही. जुन्या लेखनपरंपरेने हे सूर बहुतेक गाळले. पहिल्या दृष्टीला ही उणीव वाटते, आणि प्रत्येक स्वरावर सुराची खूण द्यावी असे सुचते. मात्र अनुभव निराळे सांगतो. कॅमेरूनमधील येम्बा या भाषेत सर्व सूर दाखवणाऱ्या लेखनाचा स्टीव्हन बर्ड यांनी अभ्यास केला आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत दाखवून दिले की सुरांच्या खुणांनी वाचनाचा ओघ वाढण्याऐवजी मंदावला होता. डोळ्याला प्रत्येक अक्षराची दोनदा दखल घ्यावी लागते, आणि बोलताना शेजारच्या शब्दांमुळे सूर बदलत असल्याने एकच शब्द वाक्यागणिक निराळा दिसू लागतो. उलट एकही खूण न देता केवळ संदर्भावर सोडले, तर ज्या भाषेत व्याकरणाचा भार सुरांवर आहे तिथे वाचकाला वाक्य दोनदा वाचावे लागते.

यातून निघणारा मधला मार्ग म्हणजे जिथे खरोखर घोटाळा होतो त्याच शब्दांवर किंवा रूपांवर खूण द्यायची. पण घोटाळा कुठे होतो हे बाहेरच्या तज्ज्ञाला ठरवता येत नाही. त्यासाठी काक्वा वाचकांनी काक्वा मजकूर मोठ्याने वाचावा लागतो आणि ते जिथे अडखळतात ती ठिकाणे नोंदवावी लागतात.

कळफलकावरची अडचण

संगणकाच्या युगात जुन्या निर्णयांचे नवे परिणाम समोर आले. शेपटीचा एन यूनिकोड या जागतिक अक्षरसंचात सुरुवातीपासून आहे, कारण उत्तर युरोपातील सामी भाषांनाही तो लागतो. तेव्हा तो पडद्यावर दिसण्यात अडचण नाही. त्याच्या मोठ्या लिपीतील रूपाच्या मात्र दोन घडणी आहेत. एक मोठ्या एनला शेपूट जोडलेली, दुसरी लहान एन मोठा केलेली. आफ्रिकेत दुसरी अधिक पसंत केली जाते, आणि कोणती दिसेल हे टंकावर, म्हणजे फाँटवर, अवलंबून राहते.

अपॉस्ट्रॉफीची अडचण अधिक खोल आहे. संगणक तिला विरामचिन्ह समजतो, अक्षराचा भाग नव्हे. शब्दाच्या आरंभी ती आली की लेखनाची आज्ञावली तिला अवतरणाची सुरुवात मानून तिचे तोंड फिरवते. शोध घेताना एकाने साधे सरळ चिन्ह वापरलेले असते, दुसऱ्याने वळणदार, त्यामुळे एकच शब्द दोन शब्द ठरतो. शब्दांची यादी लावताना अंतःस्फोटी ब चे शब्द साध्या ब च्या शब्दांत मिसळतात. यूनिकोडमध्ये अक्षराचा भाग म्हणूनच वापरायची एक वेगळी अपॉस्ट्रॉफी दिलेली आहे आणि तिने हे प्रश्न सुटतात, परंतु ती सामान्य कळफलकावर नसते आणि दिसायला इतर चिन्हांसारखीच असल्याने लिहिणाऱ्याला फरक कळत नाही. टंकलेखन यंत्रावर सोयीची ठरलेली निवड संगणकावर अशी गैरसोयीची झाली.

२०१६ मध्ये येई परिसरात लढाई पेटल्यावर दक्षिण सुदानमधील काक्वा कुटुंबे पुन्हा एकदा सीमा ओलांडून युगांडात आली. कोबोकोच्या शाळांत युगांडाची आणि दक्षिण सुदानची मुले एकत्र येतात तेव्हा लेखनातील किरकोळ फरकही शिक्षकाला रोज भेडसावू शकतात. अशा वेळी नव्या अक्षरांच्या शोधापेक्षा तीन गोष्टींची निकड अधिक आहे: अंतःस्फोटी वर्णांसाठी यूनिकोडमधील एकच चिन्ह सर्वांनी मान्य करणे, घोटाळ्याच्या मोजक्या ठिकाणीच सूर दाखवणे, आणि हे दोन्ही ज्यावर सहज लिहिता येईल असा फोनचा कळफलक तिन्ही देशांतील भाषकांना उपलब्ध करणे. यासाठी लागणारी अक्षरे यूनिकोडमध्ये आजच उपलब्ध आहेत, आणि हा निर्णय या वेळी काक्वा शिक्षकांनी व वाचकांनी स्वतः घेतला पाहिजे.